श्वासातून शरीरात गेलेलं कॅडमियम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डाखकाम, प्लेटिंग, बॅटरी, रंगद्रव्यं, जस्ताची भट्टी, जुन्या विजेच्या वस्तू मोडणं, यांपैकी कुठलंही काम करणाऱ्याचा कॅडमियमशी संबंध येऊ शकतो. ते फुप्फुसातून आत कसं शिरतं, पुढे कुठे जातं आणि तिथे किती वर्षं मुक्काम ठोकतं, एवढ्यापुरतं हे पान आहे. हा प्रवास ठाऊक नसला की माणूस ‘मला तर काही होत नाही’ या एका वाक्यावर विसंबून राहतो. कॅडमियमच्या बाबतीत याच वाक्याने सर्वांत जास्त माणसं फसलेली आहेत.

कॅडमियम मुळात हवेत येतं कुठून?

कॅडमियम ३२१ अंश सेल्सियसला वितळतं आणि साधारण ७६५ अंशांना उकळतं. तांबं नुसतं वितळायलाच हजारावर अंश लागतात, हे लक्षात घेतलं तर कॅडमियम किती चटकन उडतं याचा अंदाज येईल. कॅडमियम असलेल्या डाखाने जोड देताना किंवा कॅडमियमचा मुलामा असलेला बोल्ट गॅसने कापताना ज्योतीखाली सगळ्यात आधी कॅडमियमचीच वाफ होते. ही वाफ हवेतल्या ऑक्सिजनला मिळते आणि कॅडमियम ऑक्साइडचे अतिशय बारीक कण तयार होतात. त्यांतले बरेचसे एक मायक्रॉनच्याही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही) आतले असतात. आपण ज्याला धूर म्हणतो तो म्हणजे हेच कण.

दुसरी वाट धुळीची. पिवळी, नारिंगी, लाल रंगद्रव्यं दळताना आणि पोत्यांत भरताना, निकेल-कॅडमियम बॅटरी बनवताना किंवा फोडताना धूळ उडते. जस्ताच्या भट्टीतही कॅडमियम हमखास असतं, कारण निव्वळ कॅडमियमसाठी खाण जवळजवळ चालवलीच जात नाही. ते जस्ताच्या खनिजासोबत येतं. १८१७ मध्ये फ्रीडरिश श्ट्रोमायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला ते सापडलं तेसुद्धा जस्त कार्बोनेटमधली अशुद्धी म्हणूनच. याशिवाय कचरा जाळण्याचा धूर आहे आणि तंबाखूचा धूर आहे. तंबाखूबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

कॅडमियमचं संयुग कुठलं आहे, याने फरक पडतो का?

पडतो, पण रसायनशास्त्राच्या पुस्तकातल्या विद्राव्यतेवरून वाटतो तितका नाही. कॅडमियम क्लोराइड आणि सल्फेट पाण्यात सहज विरघळतात, त्यामुळे फुप्फुसात पडले की लवकर रक्तात जातात. कॅडमियम ऑक्साइड पाण्यात जवळपास विरघळत नाही. त्यावरून ते निरुपद्रवी असेल असं वाटणं स्वाभाविक आहे, पण तसं समजू नका. फुप्फुसातला द्रव म्हणजे साधं पाणी नाही, आणि तिथल्या भक्षक पेशी कण गिळून आपल्या आतल्या आम्लात टाकतात. तिथे ऑक्साइड बऱ्यापैकी विरघळतं. म्हणूनच श्वासातून गेल्यावर ऑक्साइडचं शोषण क्लोराइडच्या आसपास जातं. त्यात ऑक्साइडचा धूर फार बारीक असतो, त्यामुळे प्रत्यक्ष कामाच्या जागी सर्वांत जास्त भीती त्याचीच.

कॅडमियम सल्फाइड, म्हणजे पिवळ्या रंगद्रव्यातलं संयुग, खरोखर हट्टी आहे. ते फुप्फुसात जास्त काळ तसंच पडून राहतं आणि हळूहळू झिजतं. त्यातून रक्तात कमी जातं हे खरं, पण मग ते फुप्फुसात साठून राहतं.

हवेतला प्रत्येक कण फुप्फुसात जाऊन बसतो का?

नाही, आणि इथे सगळा खेळ कणाच्या आकाराचा आहे. दहा मायक्रॉनपेक्षा मोठे कण बहुतांशी नाक, घसा आणि वरच्या श्वासनलिकांतच अडकतात. त्या नलिकांना आतून कफाचा पातळ थर असतो आणि त्याखाली सूक्ष्म लव सतत वरच्या दिशेने हलत असते. अडकलेली धूळ त्या कफाबरोबर घशापर्यंत चढते. मग आपण ती थुंकतो किंवा नकळत गिळतो. गिळली की तिचा रस्ता पोटातून जातो आणि तिथे शोषण कमी होतं.

एक मायक्रॉनच्या आसपासचे आणि त्याहून बारीक कण मात्र खोलवर, थेट वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्यांपर्यंत पोहोचतात. तिथे लव नाही, कफाची वाहती पट्टी नाही. हवा आणि रक्त यांच्यामध्ये एक मायक्रॉनहूनही पातळ पडदा असतो. मोठ्या कणांपैकी जेमतेम पाच टक्के तिथवर जाऊन बसतात, तर ०.१ मायक्रॉनच्या आतल्या कणांच्या बाबतीत हे प्रमाण पन्नास टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. म्हणजे डोळ्यांना दिसणारी, टेबलावर साचणारी जाड धूळ आणि दिसेनासा होणारा धूर यांत फुप्फुसाच्या दृष्टीने धूर जास्त वाईट.

मग नेमकं किती कॅडमियम रक्तात जातं?

श्वासात गेलेल्या कॅडमियमपैकी कणाच्या आकाराप्रमाणे साधारण दहा ते पन्नास टक्के रक्तात शोषलं जातं. सिगारेटच्या धुरातल्या कॅडमियमसाठीही वरची मर्यादा पन्नास टक्क्यांच्या आसपासच धरतात. अन्नातून पोटात गेलेल्या कॅडमियमपैकी मात्र बहुतेकांत फक्त तीन ते सात टक्के शोषलं जातं, बाकीचं विष्ठेवाटे निघून जातं. धड असलेल्या कातडीतून एक टक्काही जात नाही.

हा फरक आकड्यांत मांडून बघू. हिशेब फक्त समजण्यापुरता आहे. समजा कामाच्या जागी दर घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅम (मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग) कॅडमियम आहे. एका पाळीत माणूस साधारण १० घनमीटर हवा श्वासात घेतो, म्हणजे ५० मायक्रोग्रॅम आत गेलं. कणाच्या आकाराप्रमाणे त्यातलं दहा ते पन्नास टक्के रक्तात पोहोचलं असं धरलं, तर एका दिवसात ५ ते २५ मायक्रोग्रॅम. आता जेवणातून दिवसाला २० मायक्रोग्रॅम पोटात गेलं आणि त्याचं पाच टक्के शोषलं गेलं, तर रक्तात आलं फक्त १ मायक्रोग्रॅम. पोटात आतड्याचा अडसर तरी आहे. फुप्फुसाच्या वाटेवर तेवढाही नाही.

हा ५ मायक्रोग्रॅमचा आकडा मुद्दामच घेतला. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा प्रशासनाने १९९२ मध्ये आठ तासांच्या पाळीसाठी ठरवलेली सरासरी मर्यादा तीच आहे, आणि २.५ मायक्रोग्रॅमपासूनच मोजमाप व देखरेखीची बंधनं सुरू होतात.

शरीराला कॅडमियमची गरजच नाही, तर पेशी ते आत घेतात तरी कशाला?

पेशी फसतात म्हणून. कॅडमियम शरीरात दोन धनभारांच्या आयनाच्या रूपात वावरतं. कॅल्शियम, जस्त, लोह, मँगनीज हेही याच रूपात येतात आणि ते आत घेण्यासाठी पेशींच्या पडद्यावर खास दारं असतात. कॅडमियमच्या आयनाचा आकार कॅल्शियमच्या जवळपास तेवढाच आहे आणि रसायनदृष्ट्या ते जस्ताच्या घराण्यातलं आहे. त्यामुळे कॅल्शियमच्या वाटा, लोहाची वाहक प्रथिनं, जस्त-मँगनीज आत नेणारी प्रथिनं, यांपैकी बरीच दारं त्याला उघडी मिळतात. फक्त कॅडमियमसाठी बनलेलं दार एकही नाही, आत येण्याचंही नाही आणि बाहेर जाण्याचंही नाही. या दुसऱ्या अर्ध्या वाक्यातूनच पुढच्या सगळ्या अडचणी निघतात.

आणखी एक गोष्ट. यकृत पुष्कळशी विषारी रसायनं तोडून, बदलून निरुपद्रवी करतं. कॅडमियम हे मूलद्रव्य आहे, त्यामुळे ते तोडता येत नाही. शरीर त्याला फार तर कुठेतरी बांधून ठेवू शकतं.

रक्तात शिरल्यावर ते कुठे जातं?

सुरुवातीला त्यातलं बरंचसं रक्तद्रवातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटतं आणि यकृताकडे जातं. रक्तात जे टिकून राहतं ते मुख्यतः तांबड्या पेशींच्या आत असतं. यकृताच्या पेशी कॅडमियम दिसताच मेटॅलोथायोनिन नावाचं एक छोटं प्रथिन भराभर बनवू लागतात आणि कॅडमियम त्यात अडकवून टाकतात. ताज्या, मोठ्या मात्रेनंतर सर्वांत जास्त कॅडमियम यकृतात सापडतं ते यामुळे. नंतरच्या महिन्यांत आणि वर्षांत ते थोडं थोडं सुटून मूत्रपिंडाकडे सरकतं.

फुप्फुसाच्या पेशीही असंच मेटॅलोथायोनिन बनवतात. त्यामुळे श्वासातून आलेल्या कॅडमियमचा काही भाग रक्तात न जाता तिथेच बांधलेल्या अवस्थेत बराच काळ राहतो.

मेटॅलोथायोनिन नेमकं काय करतं? ते आपल्या बाजूचं आहे का?

हे प्रथिन १९५७ मध्ये मार्गोशेस आणि व्हॅली यांनी घोड्याच्या मूत्रपिंडातून वेगळं केलं, तेही त्यात कॅडमियम सापडलं म्हणून. साठ-एकसष्ट अमिनो आम्लांची ही छोटी साखळी आहे, पण त्यांतली वीस सिस्टीन असतात, म्हणजे गंधक असलेली. कॅडमियमला गंधकाची जबर ओढ. अशा एका रेणूत कॅडमियमचे सात अणू पक्के धरले जातात. मूळ काम जस्त आणि तांबं यांची व्यवस्था पाहण्याचं, पण कॅडमियम आलं की ते जस्ताला बाजूला सारून जागा पटकावतं.

आपल्या बाजूचं आहे का, याचं उत्तर कुठल्या अवयवाबद्दल विचारता त्यावर आहे. पेशीच्या आत कॅडमियम मोकळं फिरलं तर ते एन्झाइमांना चिकटून त्यांचं काम बंद पाडतं आणि पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाची नासधूस करतं. बांधलेलं असताना यातलं फारसं काही करत नाही. म्हणून यकृत बचावतं. पण कॅडमियम बाहेर टाकण्याऐवजी बांधून ठेवल्यामुळेच ते शरीरात दशकानुदशकं टिकतं. आणि हेच प्रथिन कॅडमियमला मूत्रपिंडापर्यंत वाहूनही नेतं. एका अवयवाला वाचवणारी सोय दुसऱ्या अवयवावर उलटते, याचं इतकं स्पष्ट उदाहरण विषशास्त्रात क्वचितच मिळेल.

सगळं मूत्रपिंडातच का साठतं?

सगळं नाही, पण शरीरातल्या एकूण साठ्याचा साधारण निम्मा भाग मूत्रपिंड आणि यकृत या दोन अवयवांत असतो, आणि दीर्घकाळ थोडं थोडं कॅडमियम मिळत गेलं तर सर्वांत दाट साठा मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थरात होतो. याचं कारण मूत्रपिंडाच्या काटकसरीत आहे.

मूत्रपिंडाच्या गाळण्या दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातलं कामाचं जवळजवळ सगळं परत उचलायचं काम गाळणीला लागून असलेल्या वळणदार नलिकेतल्या पेशी करतात: साखर, क्षार, छोटी प्रथिनं. कॅडमियम धरलेलं मेटॅलोथायोनिन इतकं लहान असतं की ते गाळणीतून सहज खाली पडतं. नलिकेतल्या पेशींना ते वाया जाणारं प्रथिन दिसतं, म्हणून त्या ते गिळतात. पेशीच्या आतल्या आम्लाच्या पिशवीत प्रथिन पचून जातं आणि कॅडमियम मोकळं सुटतं. पेशी घाईने स्वतःचं मेटॅलोथायोनिन बनवून ते पुन्हा बांधते. उद्या आणखी येतं, परवा आणखी. असं वर्षानुवर्षं चालतं.

एक दिवस बांधणाऱ्या प्रथिनाचा पुरवठा कमी पडतो. मोकळं राहिलेलं कॅडमियम त्या पेशीलाच मारू लागतं. मूत्रपिंडाच्या बाह्यस्तरात दर ग्रॅममागे सुमारे २०० मायक्रोग्रॅम ही धोक्याची पातळी अनेक वर्षं मानली गेली. पुढच्या अभ्यासांत त्याहून बरंच कमी असतानाही सुरुवातीचे बदल दिसले आहेत.

पेशी बिघडल्या की जी छोटी प्रथिनं परत उचलली जायची ती लघवीत वाहून जाऊ लागतात. पुढे कॅल्शियम आणि फॉस्फेटही गळतं, मुतखडे होऊ शकतात, हाडं ठिसूळ होतात. ड जीवनसत्त्वाचाही इथे संबंध आहे: त्याचं शेवटचं सक्रिय रूप मूत्रपिंडातच बनतं, आणि बिघाड तिथपर्यंत गेला की हाडांवर दुहेरी मार बसतो.

अर्धायुष्य म्हणजे काय, आणि कॅडमियमचं किती?

साठा निम्मा व्हायला लागणारा काळ म्हणजे अर्धायुष्य. मूत्रपिंडातल्या कॅडमियमचं अर्धायुष्य साधारण दहा ते तीस वर्षांच्या दरम्यान धरलं जातं. काही अंदाज त्याच्याही वर जातात. यकृतातलं त्याहून थोडं कमी, पण तेही वर्षांतच मोजायचं.

शरीर दिवसाला एकूण साठ्याच्या जेमतेम ०.००७ टक्के कॅडमियम लघवीतून आणि त्याच्याच आसपास विष्ठेतून बाहेर टाकतं. अंगात १० मिलिग्रॅम असेल तर लघवीवाटे दिवसाला निघणार ०.७ मायक्रोग्रॅम. धुराच्या जागी काही मिनिटं उभं राहिलं तरी तेवढं पुन्हा भरून निघतं.

समजा एखाद्याने विसाव्या वर्षी डाखकाम सुरू केलं आणि तिसाव्या वर्षी सोडलं. अर्धायुष्य वीस वर्षं धरलं, तर पन्नासाव्या वर्षी त्या काळातल्या साठ्यापैकी निम्मा अजून त्याच्या मूत्रपिंडात असेल. त्यात मधल्या काळात अन्नातून आणि विडी-सिगारेट असेल तर तिच्यातून आलेलं कॅडमियम मिळवायचं. कामाच्या आठवणी पुसट झाल्या तरी साठा तसाच असतो.

रक्त तपासावं की लघवी?

दोन्ही, कारण दोन्ही वेगवेगळं सांगतात. रक्तातल्या कॅडमियमचा मोठा भाग तीन-चार महिन्यांत निम्मा होतो, त्यामुळे रक्ताचा आकडा मुख्यतः अलीकडच्या महिन्यांत किती आत गेलं ते दाखवतो. लघवीतलं कॅडमियम साधारणपणे मूत्रपिंडातल्या साठ्याच्या प्रमाणात असतं, म्हणजे ते जुना हिशेब सांगतं. लघवी पातळ-घट्ट होण्याने आकडा फसू नये म्हणून तो क्रिएटिनिनच्या (स्नायूंतून येऊन लघवीत बऱ्यापैकी ठरावीक प्रमाणात उतरणाऱ्या टाकाऊ द्रव्याच्या) दर ग्रॅममागे देतात.

तिसरी तपासणी लघवीतल्या बीटा-टू मायक्रोग्लोब्युलिनची. हे शरीराचंच छोटं प्रथिन आहे. ते लघवीत वाढलं म्हणजे नलिकेतल्या पेशी आपलं काम नीट करत नाहीत. वर सांगितलेल्या अमेरिकी नियमांत रक्तात दर लिटर ५ मायक्रोग्रॅम, लघवीत क्रिएटिनिनच्या दर ग्रॅममागे ३ मायक्रोग्रॅम, आणि क्रिएटिनिनच्या तेवढ्यामागेच या प्रथिनाचे ३०० मायक्रोग्रॅम, या आकड्यांच्या वर गेल्यास पुढची कारवाई सुरू होते.

इथे दोन अडचणी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. बीटा-टू मायक्रोग्लोब्युलिन आम्लधर्मी लघवीत फुटून जातं, अगदी मूत्राशयात असतानाच. त्यामुळे लघवीची आम्लता न पाहता आलेला ‘नॉर्मल’ अहवाल खोटा दिलासा देऊ शकतो. रेटिनॉल (अ जीवनसत्त्व) वाहून नेणारं प्रथिन यापेक्षा जास्त टिकाऊ असतं, म्हणून काही ठिकाणी तेच मोजतात.

दुसरी अडचण अधिक गंभीर. मूत्रपिंड बिघडू लागलं की पेशींतला साठा लघवीत गळतो आणि लघवीतलं कॅडमियम एकदम वाढतं. बिघाड पुढे गेला की साठाच संपत जातो आणि आकडा खाली येतो. एकट्या आकड्याकडे पाहणाऱ्याला वाटतं, सुधारणा झाली. म्हणून कॅडमियमचा आकडा आणि प्रथिनांचा आकडा नेहमी शेजारी शेजारी ठेवून वाचावा. केसांच्या तपासणीवर मात्र पैसे घालवू नका. बाहेरून चिकटलेली धूळ आणि आतून आलेलं कॅडमियम त्यात वेगळं करता येत नाही.

एकदाच खूप धूर गेला तर?

हा भाग तातडीचा आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. कॅडमियमचा दाट धूर श्वासात जात असताना त्या क्षणी फारसं काही जाणवेलच असं नाही. घसा थोडा खवखवतो, तोंडाला धातूची चव येते, इतकंच. माणूस काम संपवून घरी जातो. चार ते दहा तासांनी ताप, थंडी, अंगदुखी, खोकला आणि छातीत आवळल्यासारखं वाटायला लागतं. जस्ताच्या धुरानेही असाच ताप येतो आणि तो बहुधा एक-दोन दिवसांत आपोआप उतरतो. नेमक्या याच सारखेपणामुळे लोक झोपून राहतात. कॅडमियमच्या धुरात मात्र पुढच्या एक-दोन दिवसांत फुप्फुसं सुजून त्यांत पाणी भरू शकतं आणि जीव जाऊ शकतो.

१९६६ मध्ये ब्रिटनमधल्या एका औद्योगिक वैद्यकाच्या नियतकालिकात अशाच एका घटनेची नोंद आली. पोलादी तुळयांचा सांगाडा सोडवताना कामगार ऑक्सि-ॲसिटिलीनने बोल्ट कापत होते, बोल्टांवर कॅडमियमचा मुलामा होता. पाच जणांना विषबाधा झाली, त्यांतला एक वाचला नाही.

मुलामा दिलेला धातू कापल्यानंतर किंवा डाखकामानंतर काही तासांनी ताप-खोकला सुरू झाला, तर थेट रुग्णालयात जा आणि ‘कॅडमियमचा धूर गेला असावा’ हे शब्द स्वतःहून सांगा. डॉक्टरांना ते साधा फ्लू वाटण्याची शक्यता खूप असते. श्वास ठीक वाटत असला तरी काही काळ देखरेखीखाली राहणं गरजेचं आहे.

सिगारेटचा आणि याचा खरंच एवढा संबंध आहे?

आहे. तंबाखूचं झाड मातीतलं कॅडमियम ओढून पानांत साठवतं. एका सिगारेटमध्ये साधारण १ ते २ मायक्रोग्रॅम कॅडमियम असतं आणि त्यातला दहावा हिस्सा धुराबरोबर ओढणाऱ्याच्या आत जातो. पेटलेल्या टोकाच्या उष्णतेने त्याचा ऑक्साइडचा बारीक धूर होतो, म्हणजे फुप्फुसाला सर्वांत सोपं पडणारं रूप. सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तात न ओढणाऱ्यांच्या चार-पाच पट आणि मूत्रपिंडात दोन-तीन पट कॅडमियम सापडतं.

कामावर कॅडमियम आणि खिशात सिगारेट असेल, तर दोन्ही साठे एकाच मूत्रपिंडात जमा होतात. शिवाय कामाच्या जागी ओढताना बोटांवरची धूळ सिगारेटला लागून जळते. कॅडमियमच्या धुरात काम करणाऱ्याने आजपासून एकच गोष्ट करायची असेल, तर माझ्या मते ती धूम्रपान सोडणं ही असावी, कारण त्यासाठी मालकाच्या परवानगीची गरज नाही.

फुप्फुसालाही कायमची इजा होते का?

होते. १९५० च्या आसपास स्वीडनमध्ये लार्स फ्रीबेरी यांनी अल्कधर्मी बॅटरीच्या कारखान्यातल्या कामगारांचा अभ्यास केला. वर्षानुवर्षं कॅडमियम ऑक्साइडची धूळ श्वासात गेलेल्या माणसांत त्यांना दोन गोष्टी एकत्र दिसल्या: फुप्फुसाचा एम्फिसिमा (वायुकोशांच्या भिंती नष्ट होऊन दम लागण्याचा आजार) आणि लघवीतून जाणारं प्रथिन. कॅडमियमच्या दीर्घकालीन विषबाधेचं चित्र तिथून स्पष्ट झालं. अनेक कामगारांचा वासही गेलेला असायचा. प्राण्यांवरच्या प्रयोगांत नाकातून गेलेलं कॅडमियम वासाच्या नसेवाटे मेंदूच्या गंधकेंद्रापर्यंत पोहोचलेलं दिसलं आहे.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९३ मध्ये कॅडमियम आणि त्याची संयुगं माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकली. त्यात मुख्य पुरावा फुप्फुसाच्या कर्करोगाचा आहे.

जपानमधला ‘इताई-इताई’ आजार म्हणजे हाच ना?

धातू तोच, वाट वेगळी. तोयामा प्रांतात जिंझू नदीत खाणीतलं कॅडमियम उतरलं, त्या पाण्यावर भातशेती झाली आणि लोकांच्या पोटात अन्नावाटे ते गेलं. मूत्रपिंडं निकामी होऊन हाडं इतकी ठिसूळ झाली की रुग्ण वेदनेने कळवळत, त्यावरूनच हे नाव पडलं (जपानीत ‘इताई’ म्हणजे ‘दुखतंय’). जपान सरकारने १९६८ मध्ये त्याचं कारण कॅडमियम असल्याचं मान्य केलं. पोटातून जाणारं शोषण इतकं कमी असूनही तिथे हे घडलं, हे वाचताना मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

स्त्रियांमध्ये, गरोदरपणात आणि बाळामध्ये काय?

शरीरात लोहाची कमतरता असेल तर आतडी लोह ओढण्याची दारं वाढवतात आणि त्यांतून कॅडमियमही जास्त शिरतं. पोटातलं शोषण अशा वेळी पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. त्यामुळे सरासरी स्त्रियांच्या अंगात पुरुषांपेक्षा जास्त कॅडमियम आढळतं. श्वासातून आलेली मोठ्या कणांची धूळ शेवटी गिळलीच जाते, म्हणून कामगार स्त्रीचं लोह तपासणं अगदी उपयोगाचं.

वार (प्लासेंटा) पुष्कळसं कॅडमियम अडवते. नवजात बाळाच्या अंगात ते जवळजवळ नसतं. नंतर पन्नाशी-साठीपर्यंत मूत्रपिंडातला साठा चढत जातो.

ते बाहेर काढणारं औषध आहे का?

दीर्घकाळ साठलेलं कॅडमियम मूत्रपिंडातून सुरक्षितपणे काढून टाकणारा सिद्ध उपचार आज नाही. शिसं ओढून काढणारी औषधं इथे चालत नाहीत, कारण कॅडमियम पेशीच्या आत मेटॅलोथायोनिनने घट्ट धरलेलं असतं. डायमरकॅप्रॉल हे औषध तर देऊच नये. त्याने कॅडमियम उलट मूत्रपिंडात जातं आणि इजा वाढते. विषद्रव्यं ‘साफ’ करणारे काढे, गोळ्या, पायाला लावायच्या पट्ट्या यांपैकी कशानेही हा साठा हलत नाही.

डॉक्टर करू शकतात ते असं: कॅडमियमशी संपर्क पूर्ण थांबवणं, लोहाची कमतरता भरून काढणं, रक्तदाब आणि साखर काबूत ठेवणं, मूत्रपिंडाला त्रासदायक वेदनाशामकं टाळणं, हाडांकडे लक्ष देणं. सुरुवातीचा सौम्य बिघाड संपर्क थांबल्यावर काहींमध्ये सुधारतो. पुढे गेलेला बिघाड बहुधा परत फिरत नाही, काम सोडल्यावरही वाढू शकतो.

तोंडाला रुमाल बांधून काम केलं तर चालेल?

नाही. एक मायक्रॉनच्या आतला कण कापडाच्या विणीतून सहज पार होतो. कॅडमियमविरहित डाख वापरणं सर्वांत चांगलं, तो मिळतो. ते शक्य नसेल तर धूर निघतो तिथेच तो ओढून घेणारा शोषक पंखा हवा. खोलीतला साधा पंखा धूर फक्त सगळ्यांच्या तोंडापर्यंत पोहोचवतो. मास्क घालायचाच, तर धातूच्या धुरासाठी प्रमाणित आणि चेहऱ्याला घट्ट बसणारा घाला. झाडूने सुकी धूळ उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. कामाच्या जागी खाऊ-पिऊ नका, आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुवायला टाकू नका.

ते काम सोडून पंधरा वर्षं झाली. आता तपासणीची गरज आहे का?

आहे. लघवीतलं कॅडमियम आणि वर सांगितलेली छोटी प्रथिनं एकदा नक्की तपासून घ्या. काही आढळलं तर दरवर्षी. रक्तातला आकडा एव्हाना उतरलेला असेल, त्यावर समाधान मानू नका. कुठल्याही कारणाने मूत्रपिंडाच्या, हाडांच्या किंवा फुप्फुसाच्या डॉक्टरांकडे गेलात तर जुनं काम कोणतं होतं, किती वर्षं केलं आणि डाखात किंवा मुलाम्यात कॅडमियम होतं का, हे कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या. तो कागद फाईलमध्ये पहिल्या पानावर राहू द्या.